ट्रान्सफॉर्मर नसलेली घंटा

मासिकं बंद पडतात. माणसं मरतात तिथं मासिकाचं काय घेऊन बसलात? आमचं मासिक बंद पडलं म्हणून मी कुणाला शिव्या देत नाही. ते मेल्यावर त्याची पानं सोलून ज्यांनी फोनवरून गावभर वाटली, त्यांना देतो. त्या वाटपात माझी एक जुनी चूक पुन्हा चालती झाली. ती चूक कुणाचा तरी जीव घेणार या धसक्यानं त्या वर्षी मला तीन आठवडे घास गोड लागला नाही. कुणाला सांगितलं तर म्हणायचे, "काका, इतकं मनाला लावून घेऊ नका." मनाला लावून घेऊ नको तर कुठं लावू?

मी देवगड तालुक्यातला. आठवीत नापास झालो आणि पुन्हा बसायची हिंमत झाली नाही. गावचा एकजण गोव्यात साखळीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, त्याच्या मागून आलो आणि गॅरेजात वायरमनचं काम शिकलो. हेडलाइट, हॉर्न, डायनमो, सेल्फ. ट्रकातली वीज तशी सोपी. बॅटरीची एक तार दिव्याला न्यायची, दुसरी न्यायचीच नाही. ट्रकाचं लोखंडी अंग, ज्याला आम्ही बॉडी म्हणतो, तीच परतीची वाट. कुठंही स्क्रू मारा, बॉडी मिळाली, दिवा लागला. ही एका तारेची सवय हातात अशी मुरते की माणसाला घरातली दोन तारांची वीज म्हणजे उगाच केलेला खर्च वाटतो.

तेव्हा गोव्यात भाषेवरून हाणामारी चालू होती. कोंकणी की मराठी. बसेस बंद, दुकानं बंद, पाट्यांना डांबर. मी बोलायचो मालवणी, त्यामुळं दोन्हीकडून टपल्या. गॅरेजातला एक ड्रायव्हर मला म्हणायचा, "तुजी ती कोंकणी न्हय आनी मराठीय न्हय. तूं मोनो रावल्यार बरें." मुका राहिलास तर बरं, असं. मी मुकाच राहायचो. घरापासून लांब असलेल्या माणसाला भांडायची चैन परवडत नाही. गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या दिवशी तोच ड्रायव्हर ओरडत आला, "आयज सावन तुका पासपोर्ट लागतलो रे!" आजपासून तुला पासपोर्ट लागणार, असं. सगळे हसले. मीही हसलो, आणि खोलीवर जाऊन ट्रंकेतला शाळेचा दाखला जागेवर आहे ना ते बघून घेतलं.

साखळीजवळच्या आमोण्याचे एक मास्तर होते, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे. त्यांच्या स्कूटरचा हॉर्न वाजत नव्हता म्हणून ते गॅरेजात आले. मी हॉर्न खोलला तोवर ते बाकावर बसून एक मासिक वाचत होते. कव्हरवर रेडिओचं पोट उघडून दाखवलं होतं. मी हॉर्न सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो.

"वाचता येतं?" त्यांनी विचारलं.

"आठवीपर्यंत."

"मग पुरे. यात आठवीच्या पलीकडचं काही नसतं. असलंच तर तो लिहिणाऱ्याचा दोष."

आणि त्यांनी अंक माझ्या हातात दिला. काळ्या ग्रीसच्या हातात. मी हात मागं घेतला तर म्हणाले, "धर रे. डाग पडले तरी अक्षरं पळून जात नाहीत."

इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी लोकांसाठीचं मराठी मासिक होतं ते. घाटावरच्या कुठल्याशा शहरात छापलं जायचं आणि पोस्टानं मास्तरांकडे यायचं. पातळ कागद, मधेच पुसट झालेली छपाई. पण आत घरी करता येणाऱ्या वस्तू असायच्या. दार उघडलं की वाजणारी घंटी, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ. प्रत्येक वस्तूचं सर्किटचं चित्र, आणि ते चित्र मराठीत समजावलेलं. माझ्यासारख्या माणसाला "तू शिक" असं त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं. त्या मासिकानं म्हटलं, आणि दर महिन्याला म्हटलं. हे उपकार मी विसरलो नाही. म्हणून तर पुढचा राग.

रविवारी दुपारी मास्तरांच्या घरी आम्ही पाचजण जमायचो. कुणी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवर मोटर सांभाळणारा, कुणी पंचायतीत कारकून. पाचजणांत मिळून एक अंक. तो मास्तरांकडेच राहायचा, आम्ही वहीत चित्रं उतरवून घ्यायचो. या काटकसरीचं आम्हाला फार कौतुक होतं. आज वाटतं, आमच्यासारखे वाचक ज्या मासिकाला लाभले त्याला दुसरा वैरी कशाला हवा होता!

मासिकाची एक रीत होती. सर्किटच्या चित्रात चूक गेली तर पुढच्या अंकात दुसऱ्या पानावर तुटक रेघांची चौकट यायची. 'मागील अंकात अमुक पानावर असे हवे.' चौकट कापायची आणि मागच्या अंकात त्या पानावर चिकटवायची, अशी सूचना खाली असायची. इतर गावांतले लोक चिकटवत होते की नाही, देव जाणे. आमोण्यात चिकटवल्याशिवाय नवा अंक उघडायचा नाही, असा मास्तरांचा कायदा होता. काकी, म्हणजे त्यांची बायको, वाटीत मैद्याची खळ करून द्यायची. मास्तर कागदाच्या एकाच कडेला खळ लावायचे, म्हणजे चौकट दारासारखी उघडता यायची. सगळी का चिकटवत नाही, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "चूक दिसली पाहिजे. झाकली तर तीच पुन्हा करशील."

तीन वर्षं चित्रं उतरवून झाल्यावर मला वाटलं, आपलंही एक छापून यावं. मी जिथं राहायचो तिथं गच्चीवर पाण्याची टाकी होती. पंप लावून मालक विसरायचा आणि टाकी भरून पाणी रस्त्यावर यायचं. मी घंटा केली. टाकीत वरच्या कडेला एक तार सोडायची, पाणी तिला लागलं की घंटा वाजणार. असल्या घंटा मासिकात आधीही आल्या होत्या, पण त्यांना ट्रान्सफॉर्मर लागायचा. तो साखळीत मिळायचा नाही, म्हापशाला जावं लागायचं. मी तो काढूनच टाकला. एक कपॅसिटर घालून घरातली वीज थेट खाली उतरवली. आणि टाकीत दोन तारा सोडायच्या तिथं मी एकच सोडली. दुसरीचं काय? टाकीतून खाली येणारा लोखंडी पाइप होता की. बॉडी! पाइपाला स्क्रू मारला, घंटा वाजली. मालक खूश. मी कागदावर चित्र काढलं, वर लिहिलं 'ट्रान्सफॉर्मर नसलेली टाकीची घंटा', आणि पोस्टात टाकलं.

छापून आलं. खाली माझं नाव, आणि नावाखाली 'साखळी, गोवा'. त्या दिवशी गॅरेजात मी पेढे वाटले. तोच पासपोर्टवाला ड्रायव्हर पेढा तोंडात टाकून म्हणाला, "आमचो उंडो खाता आनी मराठींत नांव छापून हाडटा! चोर मरे हो." उंडो म्हणजे त्यांचा पाव. पण त्यानंही अंक उलटासुलटा करून माझं नाव शोधलं आणि बोट ठेवून दुसऱ्याला दाखवलं.

नंतरच्या आठवड्यात मास्तर भर दुपारी गॅरेजात आले. स्कूटर उभी करायच्या आधीच ओरडले. मराठीच्या सभांत पहिल्या रांगेत बसणारा माणूस, पण राग आला की कोंकणी यायची. "हो तुजो ट्रक न्हय रे! थंय घरांत मनशां रावतात!"

त्यांनी माझं सर्किट घरी केलं होतं. शाबासकी द्यायची म्हणून, मला न सांगता. दोन दिवस घंटा व्यवस्थित वाजली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी प्लग काढून उलटा घातला. आमच्याकडे तेव्हा सगळे दोन पायांचे प्लग, कसेही बसायचे. काकी मागीलदारी नळावर भांडी घासत होती. नळाला हात लावला आणि हातातलं भांडं उडून पडलं. नारळ कौलावर आदळावा तसा आवाज झाला म्हणे. नशीब, पायात रबरी चपला होत्या.

मास्तर मला बाकावर बसवून समजावायला लागले. घरातल्या दोन तारांपैकी एकीत जीव असतो, एकीत नसतो. प्लग सरळ बसला तर पाइपाला मेलेली तार लागते, उलटा बसला तर जिवंत. मग सगळा पाइप, सगळे नळ, सगळं पाणी जिवंत. ट्रान्सफॉर्मर असता तर मधे भिंत राहिली असती. ती भिंतच मी काढून टाकली होती, आणि वर त्याची जाहिरात केली होती.

"ट्रकात बॉडी म्हणजे लोखंड," मास्तर म्हणाले. "माझ्या घरात बॉडी म्हणजे माझी बायको. कळलं?"

कळलं. मासिक किती गावांत जात असेल, किती लोकांनी आत्ता, या घटकेला, स्क्रू मारला असेल. मास्तर म्हणाले, "रडू नको, कागद घे." आम्ही तिथंच, ट्रकाच्या बॉनेटवर कागद ठेवून पत्र लिहिलं. मास्तरांनी सांगितलं, मी लिहिलं, कारण चूक माझी होती. साखळीच्या पोस्टातून तारही केली. पुढच्या अंकात चौकट आली. या वेळी दुसऱ्या पानावर नव्हती, थेट कव्हरवर. 'टाकीची घंटा कुणीही जोडू नये. जोडली असल्यास आजच काढावी. पाण्यात वीज उतरते.' आणि खाली ट्रान्सफॉर्मरसकट नवं चित्र. मला संपादकांचं पोस्टकार्ड आलं. मला वाटलं, शिव्या असतील. लिहिलं होतं, चूक लगेच कळवल्याबद्दल आभारी आहोत, चित्र तपासण्यात आमचीही हयगय झाली, पुढचा लेख अवश्य पाठवा.

पुढचा लेख मी कधी पाठवला नाही. पण ज्यानं ज्यानं मागचा अंक घेतला होता त्याला पुढचाही मिळाला होता, एवढ्यावर मला झोप लागायला लागली. मास्तरांनी माझ्या पानावर चौकट चिकटवली. काकीनं खळ दिली, आणि त्यानंतर दर रविवारी मी दारात दिसलो की आत हाक जायची, "आयलो हो शॉकवालो! नळ बंद करात!"

मग पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तयार घंटा बाजारात आल्या. करायला लागणाऱ्या सामानापेक्षा तयार वस्तू स्वस्त. मासिक बारीक होत गेलं. आधी रंगीत कव्हर गेलं, मग पत्रांचं पान गेलं. पाचातले दोघे टीव्हीपुढं बसले, एक मुंबईला गेला. खाणी बंद पडल्या तेव्हा गॅरेजही झोपलं, मी पंप आणि मिक्सर दुरुस्त करायला लागलो. एका महिन्यात अंक आला नाही. मास्तरांनी दोन महिने वाट पाहिली, मग पत्र टाकलं. उत्तर नाही. एवढी वर्षं दर चुकीची चौकट छापणाऱ्यांनी स्वतः मेल्याची चौकट मात्र छापली नाही. तेवढं त्यांचं मला आजही खुपतं.

मास्तर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर काकी मला म्हणाली होती, "ते सगळे अंक तू घेऊन जा. हांगा वाळवी खातली." मी म्हटलं, नंतर नेतो. माझी एक खोली, त्यात कुठं ठेवू. हे 'नंतर' माझंच. त्याचा दोष मी दुसऱ्यावर टाकत नाही.

मग एका सकाळी माझ्या फोनवर माझंच चित्र आलं.

मी एका ग्रुपवर होतो, जुनी सर्किटं वगैरे टाकायचे तिथं. 'दुर्मीळ खजिना', वर तीन हात जोडलेले. खाली 'ट्रान्सफॉर्मर नसलेली टाकीची घंटा', माझं नाव, साखळी, गोवा. पान पांढरंशुभ्र, नुकतं छापल्यासारखं. मी बोटांनी चित्र मोठं केलं. चौकट नव्हती. डाव्या कडेला खळीचा पुसट पिवळा पट्टा दिसत होता, म्हणजे अंक मास्तरांचाच. चौकट सोलून काढली होती.

खाली लोकांचे अंगठे, टाळ्या. 'काय काळ होता!' 'अशी माणसं आता नाहीत!' 'उद्याच करतो.' तो 'उद्याच करतो' वाचला आणि मी चपला शोधायला लागलो.

त्याच दिवशी आमोण्याला गेलो. काकी मुलीकडे राहायला गेली होती. मास्तरांचा मुलगा होता, पणजीला कॉम्प्युटरचं काम करणारा. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. चांगला मुलगा, तोंडावर कधी उलट बोलला नाही. म्हणूनच जास्त संताप आला.

"काका, मी सगळे अंक स्कॅन केले," तो म्हणाला. "सगळ्यांना फुकट. बाबांचं नाव राहील."

"पानावर चिठ्ठी होती. कुठं गेली?"

"त्या चिठ्ठ्या ना? काचेवर पान सपाट बसत नव्हतं. आणि चिठ्ठीखालचं सगळं झाकलं जायचं. ओरिजनल पान पाहिजे असतं लोकांना."

"सगळ्या काढल्यास?"

"एका बाजूनंच चिकटवल्या होत्या, पटापट निघाल्या."

पटापट निघाल्या! मास्तरांनी ज्या कारणासाठी एकच कड चिकटवली ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं त्याला वाटलं नव्हतं. अंक कुठं आहेत विचारलं. रद्दीवाल्याला. चिठ्ठ्या? त्यानं हातानंच दाखवलं, असा केर काढला म्हणून.

मी त्याला सांगितलं, तुझ्या आईला या घंटेचा शॉक बसला होता. तो हसला. म्हणाला, "हो हो, शॉकवालो! आई सांगायची." त्याच्यासाठी ती घरातली गंमत होती. मी म्हटलं, गंमत नाही, ते पान काढ. त्यानं माझ्यासमोर त्याच्या वेबसाइटवरून काढलं, लगेच, सभ्यपणानं. मग म्हणाला, "पण काका, लोकांनी उतरवून घेतलंय. ते आता माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.

ग्रुपवर मी लिहिलं. मला फोनवर मराठी लिहायला वेळ लागतो, अर्धा तास लागला. 'हे सर्किट माझे आहे. यात घातक चूक आहे. कुणी करू नये.' पाच मिनिटांत त्यावर शुभ सकाळचं कमळ पडलं, मग कुणाच्या वाढदिवसाचा केक. मी पुन्हा टाकलं. एकानं विचारलं, 'काका, तुम्हीच लिहिलं आणि तुम्हीच घाबरवता?' दुसरा म्हणाला, 'पूर्वीच्या लोकांनी सगळं तपासून छापलेलं असायचं. उगाच शंका काढू नका.' माझ्या मासिकाची अब्रू मलाच सुनावत होते! तिसऱ्यांदा टाकलं तर ग्रुप चालवणाऱ्यानं लिहिलं, 'कृपया एकच मेसेज वारंवार टाकू नये.' चौथ्यांदा टाकलं तेव्हा तीन आठवडे होत आले होते, आणि त्यानं मला ग्रुपवरूनच काढून टाकलं.

पण काढायच्या आदल्याच दिवशी एक फोटो आला होता. गच्चीवरची टाकी, पाइपाला मारलेला चकचकीत स्क्रू, आणि खाली, 'केली! मस्त चालते! केरी, पेडणे.' कोपऱ्यात एक पाटी दिसत होती, खोल्या भाड्यानं देणाऱ्या घराची.

केरी म्हणजे गोव्याचं वरचं टोक, तेरेखोल नदीच्या अलीकडचं. साखळीहून तीन बसेस. मी खिशात टेस्टर घातला, वाटेत म्हापशाला उतरून एक ट्रान्सफॉर्मर घेतला, आणि फोटोतली पाटी विचारत विचारत दुपारी तिथं पोचलो. घराचा मालक चाळिशीचा, बनियनवर. मला बघून उठला.

"रूम जाय, काका?"

"रूम नको. टाकीची घंटा बघायची आहे."

तो एकदम खुलला. "फोटो बघितलंस? ये, ये. माझ्या हातानं केली. ही असली वस्तू बाजारात मिळाची नाय."

"ती काढ. आत्ताच काढ. पाइपात वीज उतरते."

त्याचा चेहरा बदलला. "तू वीज खात्याचो?"

"नाही. ते सर्किट माझं आहे."

"अस्सं! म्हणजे हक्क सांगूक आयलंस?"

मी म्हटलं, नळ दाखव. त्यानं मागच्या बाजूचा नळ दाखवला, तिथं पर्यटकांसाठी बाथरूम होती. मी टेस्टर नळाला लावला. दिवा लागला नाही. तो मोठ्यानं हसला. "बघ! पंधरा दिस झाले, कोणाक कांय झालां नाय. घरा जा, उन्हाचा फिरू नको." तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून एक पाहुणी बाई ओल्या केसांनी बाहेर आली, आमच्याकडे बघून हसली आणि अनवाणीच खोलीत गेली.

मी सरळ घरात शिरलो. तो मागून ओरडत होता, "ए! ए! खंय चललंस?" मी घंटेचा प्लग काढला, उलटा केला, पुन्हा घातला. परत येऊन टेस्टर नळाला लावला. पेटला.

त्यानं टेस्टर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. पेटला. दुसऱ्या नळाला लावला. पेटला. मग धावत आत गेला आणि प्लग उपटला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला घाम होता, आणि मग त्यानं मला धरलं.

"माणूस मारपाचा सर्किट कित्याक केलंस रे तू?"

"चूक झाली. मी तेव्हा ट्रकांचं काम करायचो."

"चूक झाली तर इतकी वर्सां गप कित्याक बसलंस?"

"गप्प नव्हतो बसलो. पुढच्याच महिन्यात छापलं होतं."

"खंय छापलां? दाखव."

दाखवायला माझ्याकडे काय होतं? माझा स्वतःचा अंकच नव्हता कधी. पाचांत एक. तो मला बोलत होता आणि प्रत्येक शब्द मला पटत होता. ज्यांना बोलायला हवं होतं ते सगळे हसरे अंगठे दाखवून निघून गेले होते.

मी ट्रान्सफॉर्मर काढून बाकावर ठेवला आणि म्हटलं, हा घालून करून देतो. त्यानं तो परत माझ्या पिशवीत कोंबला. "नको तुझी घंटा. पाणी वाहून गेला तरी चालात." आणि मग अचानक थांबला. "माझ्या मेव्हण्याक पाठयलां मी. पालयेंत. परवां तो म्हणत होतो, सामान हाडलां म्हणान."

त्यानं फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असणार, कारण त्यानं मला विचारलंही नाही, नुसती स्कूटर काढली आणि म्हणाला, "बस."

पालयें शेजारचंच गाव, पण वाट संपेना. मी मागं बसून त्याच्या बनियनच्या पाठीला धरलं होतं आणि ज्या ज्या देवाची आठवण आली त्याला हाक मारत होतो. घर आलं तसा तो स्कूटर तशीच टाकून धावला. पडवीत मीटरची पेटी होती, त्यानं आधी मेन खाली ओढला. आतून बायकांचा आरडाओरडा. "कोण रे तो? लायट कोणी काढली? सिरीयल लागली आसा!"

मेव्हणा पडवीतच कदेलावर, म्हणजे खुर्चीत, पसरला होता. पोटावर फोन, कानात वायर. आम्हाला बघून वायर काढली. "कितें रे? कोण मेलो?"

"टाकीची घंटा. केलंस काय?"

"खंयची घंटा?"

"मी पाठयल्ली ती!"

"आं, ती." त्यानं फोन उचलला, अंगठ्यानं वर सारत गेला. एकेक सर्किट सरकत होतं, मास्तरांच्या अंकातली कितीतरी मी ओळखली. दार उघडलं की वाजणारी घंटी, एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ. शेवटी माझं पान आलं. "ही बघ. सांबाळून दवरल्या."

"आणि सामान?" मी विचारलं.

त्यानं टेबलाकडं बोट केलं. दुकानातली पिशवी तशीच, तोंडाला स्टेपल मारलेली, उघडलेलीसुद्धा नाही.

"यातलं आजवर काय काय केलंस?"

"करीन म्हणतां. टायमच मेळना."

काहीच केलं नव्हतं. कधीच. नुसतं साठवत होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. तीन आठवडे ज्या लोकांना मी शिव्या घातल्या होत्या, वस्तू न करणाऱ्या, नुसते अंगठे दाखवणाऱ्या, त्यांच्यातला हा एक माझ्यासमोर ढेकर देत होता, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. असे किती असतील! देवा, सगळेच असे असोत.

केरीवाल्यानं मेन वर केला. आत सिरीयल पुन्हा सुरू झाली. मेव्हणा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी कोण? करूक जाय तर सांगा, उद्यांच करतां."

"बाबा," मी म्हटलं, "तू काय करू नको. तू असाच बस."

आणि त्याच्या हातातून फोन घेऊन ते पान कसं पुसायचं, ते मी केरीवाल्याला विचारलं.